‘मानवली’ आणि ‘बाधली’ : अनुवंश, तंबाखू व कर्करोग

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात ज्ञातीतील एका निवृत्त डॉक्टरांनी दिलेले व्याख्यान. वक्त्यांच्या हस्तलिखितावरून.)



चिटणिसांनी मला व्याख्यानाचा विषय विचारला तेव्हा मी ‘आरोग्य’ असे मोघम उत्तर दिले होते, आणि छापील कार्यक्रमपत्रिकेतही तेच आलेले आहे. प्रत्यक्षात मी जे बोलणार आहे ते मोघम नाही. माझ्या डोक्यावर आपल्या ज्ञातीतील एका कुटुंबाचे ऋण आहे आणि आजचे व्याख्यान ही त्याची अंशतः फेड आहे, असे समजावे.

काही वर्षांपूर्वी आपल्यातील एक प्रतिष्ठित गृहस्थ माझ्या दवाखान्यात आले. मुलासाठी स्थळ पाहिले होते. पत्रिका जुळली होती, मुलगी शिकलेली होती, दोन्ही घरांचा पूर्वपरिचय होता. शंका एकच होती : मुलीचे वडील जिभेच्या कर्करोगाने गेले होते. ‘डॉक्टर, हा रोग घराण्यात उतरतो का?’ असे त्यांनी विचारले. बाहेर रुग्णांची रांग होती. मी मान वर न करताच म्हणालो, ‘काही अंशी आनुवंशिक असतोच.’ वाक्य खोटे नव्हते; ते अर्धे होते. त्या अर्ध्या वाक्यावर ते लग्न मोडले. बोलत असता त्या गृहस्थांचा डावा तळहात पसरलेला होता आणि उजव्या अंगठ्याने ते त्यावर तंबाखू मळत होते, हे मला फार उशिरा आठवले. राहिलेले अर्धे वाक्य आज मी पुरे करणार आहे.

आरंभ माझ्याच घरापासून करतो. मला दोन काका होते. थोरल्या काकांची चंची साऱ्या आळीला ठाऊक होती. सकाळी उठल्याबरोबर पहिली चिमूट आणि रात्री अंथरुणाला पाठ टेकताना शेवटची. मध्ये किती होत, हे त्यांनाही सांगता आले नसते. ते एक्याण्णव वर्षे जगले आणि गेले ते वार्धक्याने. धाकटे काका त्यांच्याच चंचीतील तंबाखू खात. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी त्यांच्या डाव्या गालाच्या आतील अंगास एक व्रण झाला. तो भरला नाही, आणि दीड वर्षात सारे आटोपले. घरातील वडीलमाणसे या प्रकाराचा उलगडा एकाच वाक्यात करीत : ‘थोरल्याला मानवली, धाकट्याला बाधली.’

वैद्यकाचा विद्यार्थी असताना मी या वाक्याला मनातल्या मनात हसत असे. आता हसत नाही. गेल्या सत्तर-पंचाहत्तर वर्षांत जगातील मोठमोठ्या शास्त्रज्ञांनी तपासून पाहिले ते एका अर्थी हेच वाक्य होय. त्यात तथ्य आहे, आणि त्या तथ्याच्या आडोशाला एक मोठी फसवणूकही दडून बसलेली आहे.

तथ्य कोणते ते प्रथम पाहू. तंबाखूतील कर्कजनक द्रव्ये बहुतांशी आहेत त्या रूपात फारशी उपद्रवी नसतात. ती बाहेर टाकता यावीत म्हणून शरीर त्यांना पाण्यात विरघळण्याजोगे रूप देऊ पाहते. हे काम विकरे, म्हणजे ज्यांना इंग्रजी शिकलेले लोक एन्झाइमे म्हणतात ती, करतात. पण या खटाटोपात काही रेणू मधल्याच एका अवस्थेत अत्यंत चपळ बनतात आणि पेशीच्या केंद्रातील डी.एन.ए.ला जाऊन चिकटतात. विडी-सिगारेटच्या धुरातील बेंझोपायरीन या द्रव्याचे असेच होते. खाण्याच्या तंबाखूत धूर नाही म्हणून ती निर्धोक असे मानणारे पुष्कळ आहेत. परंतु ती वाळत-मुरत असताना तीत नायट्रोसमाइन जातीची द्रव्ये तयार होतात व त्यांची गतही हीच. आपल्या आयाबहिणी दातांना लावतात ती मशेरी म्हणजे तर तव्यावर काळी पडेपर्यंत भाजलेली तंबाखू, त्यामुळे तीत दोन्ही प्रकारची विषे एकत्र नांदतात. ‘मी तंबाखू खात नाही, नुसती मशेरी लावते’ असे सांगणाऱ्या कितीतरी भगिनी मी तपासल्या आहेत.

शरीरात विकरांचा दुसराही एक ताफा असतो. तो या चपळ रेणूंना बांधून, निरुपद्रवी करून बाहेर काढतो. तिसरा ताफा गवंड्यांचा, डी.एन.ए.मध्ये जी पडझड झाली असेल ती तो दुरुस्त करतो. या तिन्ही ताफ्यांतील प्रत्येक कामगार कसा घडावा हे जनुके ठरवितात, आणि ही जनुके सर्व माणसांत तंतोतंत सारखी नसतात. एकाकडे विष चेतविणारी विकरे कडक आणि बांधणारी मंद. दुसऱ्याकडे नेमके उलट. ‘ग्लुटाथायोन ट्रान्सफरेज एम-१’ नावाचे बांधणीचे एक विकर आहे. त्याचे जनुक युरोपीय वंशाच्या सुमारे निम्म्या लोकांत मुळातच नसते. आपल्या देशातही सुमारे चौथ्या ते तिसऱ्या हिश्शाच्या लोकांत ते नाही. हे लोक एरवी धडधाकट असतात, त्यांना त्याचा पत्ताही नसतो. १९९९ साली भारतातील पान-तंबाखू खाणाऱ्यांच्या तोंडातील पांढऱ्या चट्ट्यांविषयी एक अभ्यास प्रसिद्ध झाला, आणि त्यात असे चट्टे आलेल्यांत हे जनुक नसणारांचे प्रमाण फारच मोठे आढळले. पुढे अधिक माणसे घेऊन अभ्यास झाले तसतसा हा फरक आखडत गेला. आज तो माफक मानला जातो. लहान अभ्यासातील मोठ्या आकड्यावर लगेच विश्वास टाकू नये, हा धडा आमच्या व्यवसायाने वारंवार गिरविला आहे आणि तितक्याच वेळा तो विसरलाही आहे.

असो. तेव्हा ‘मानवली’ आणि ‘बाधली’ यांत काही अंश जनुकांचा आहे, हे खरे. आता फसवणुकीकडे वळतो, आणि त्यासाठी एका फार मोठ्या माणसाची हकीगत सांगणे भाग आहे.

१९५० साली लंडनमध्ये रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल यांनी रुग्णालयांतील रोग्यांच्या चौकशीवरून धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखविला. त्याच वर्षी अमेरिकेत विंडर व ग्रॅहम यांनीही तोच निष्कर्ष काढला. डॉल व हिल तेवढ्यावर थांबले नाहीत. १९५१ मध्ये त्यांनी ब्रिटनमधील डॉक्टरांनाच पत्रे पाठवून त्यांच्या सवयी विचारून ठेवल्या आणि कोण कशाने मरतो याची नोंद ठेवण्यास प्रारंभ केला. चौतीस हजारांवर पुरुष डॉक्टरांची ती नोंद पुढे पन्नास वर्षे चालली.

या निष्कर्षाला विरोध केला तो सर रोनाल्ड फिशर यांनी. फिशर म्हणजे आधुनिक संख्याशास्त्राचे जनक आणि आनुवंशविज्ञानाचेही एक आधारस्तंभ. आपल्या प्रशांतचंद्र महालनोबीसांच्या कलकत्त्यातील संस्थेचे ते अनेकदा पाहुणे होते. १९५७-५८ मध्ये त्यांनी असा युक्तिवाद मांडला की, धूम्रपानाने कर्करोग होतो असे मानण्याचे कारण नाही. ज्या आनुवंशिक घडणीमुळे माणसाला धूम्रपानाची ओढ लागते, तीच घडण त्याला कर्करोगही देत असेल. पुराव्यादाखल त्यांनी जुळ्यांचे आकडे दिले : एकाच बीजापासून झालेल्या जुळ्यांच्या धूम्रपानाच्या सवयी भिन्न बीजांच्या जुळ्यांपेक्षा अधिक सारख्या असतात. फिशर स्वतः पाइप ओढत, आणि तंबाखू उत्पादकांच्या समितीचे सल्लागारही होते. पण तेवढ्यावरून त्यांचा युक्तिवाद झटकून टाकणे हा न्याय नव्हे. तो तपासलाच पाहिजे, कारण आपल्या प्रत्येक घरात, इतक्या विद्वत्तेने नसला तरी, हाच युक्तिवाद चालतो. ‘रक्तातच असेल तर होईल, नसेल तर नाही, तंबाखूला बोल लावण्यात काय अर्थ?’ असे म्हणणारे थोरले काका फिशरसाहेबांचेच शिष्य होते, जरी त्यांनी त्यांचे नाव कधी ऐकले नव्हते.

तपासणीचा मार्ग फिशर यांच्याच जुळ्यांनी दाखविला. एकाच बीजाच्या दोन भावांपैकी एक धूम्रपान करतो आणि दुसरा करीत नाही, अशा जोड्या शोधाव्यात. दोघांची जनुके जवळजवळ एकच. रोग जनुकांचा असेल तर तो दोघांनाही सारख्याच प्रमाणात व्हावा. उत्तर युरोपातील देशांनी आपल्या जुळ्यांच्या नोंदी पिढ्यान्‌पिढ्या काळजीपूर्वक ठेवल्या आहेत. त्यांवरून २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, अशा जोड्यांपैकी धूम्रपान करणाऱ्या भावंडाला फुप्फुसाचा कर्करोग होण्याचा संभव न करणाऱ्या भावंडाच्या सुमारे पाचपट आढळला. रक्त तेच, जनुके तीच, फरक धुराचा. हे उत्तर ऐकायला फिशर राहिले नव्हते. ते १९६२ मध्येच निवर्तले.

मात्र नियतीचा विनोद पाहा. २००८ मध्ये तीन निरनिराळ्या संशोधक गटांनी एकाच सुमारास जाहीर केले की, पंधराव्या गुणसूत्रावर जनुकांचा एक पुंजका आहे आणि त्यातील एका भेदामुळे फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. त्या भेदाची एक प्रत असेल तर सुमारे तीस टक्क्यांनी, आणि आई-बाप दोघांकडून आलेल्या दोन प्रती असतील तर त्याहून पुष्कळ अधिक. आता हे जनुक कशाचे? तर मज्जापेशींवर निकोटिन जेथे जाऊन बसते त्या ग्राहकाचे! ज्याच्याजवळ हा भेद आहे तो दिवसाला सरासरी एखादी सिगारेट अधिक ओढतो, झुरका अधिक खोल घेतो, आणि सवय सुटणे त्याला जड जाते. म्हणजे ओढ आणि रोग या दोहोंशी संबंध असलेले जनुक खरोखरच निघाले. फिशर यांचे अर्धे म्हणणे पन्नास वर्षांनी खरे ठरले. परंतु ज्यांनी आयुष्यात कधी धूम्रपान केले नाही त्यांच्यात या भेदाने कर्करोग वाढल्याचे फारसे दिसले नाही. हे जनुक रोगाच्या दारापर्यंत पोचते ते तंबाखूच्या खांद्यावर बसून. खांदाच दिला नाही, तर ते जागच्या जागी पडून राहते.

हीच गोष्ट आणखी एका ठिकाणी फार स्पष्ट दिसते, आणि तिचा एक धागा आपल्या क्षयरोगाच्या इतिहासात आहे. १९५२ मध्ये आयसोनियाझिड हे क्षयावरील औषध आले. लवकरच ध्यानात आले की, काही रोग्यांच्या शरीरातून ते भराभर निघून जाते आणि काहींच्या शरीरात रेंगाळते. रेंगाळणाऱ्यांना हातापायांना मुंग्या येण्याचा त्रास अधिक होई. हा फरक एका विकराचा, आणि तो आनुवंशिक. आपल्या देशात निम्म्याहून अधिक लोक या ‘मंद’ वर्गात मोडतात. तेच विकर तंबाखूच्या धुरातील काही द्रव्यांचाही निकाल लावते. ही द्रव्ये मूत्राशयात जाऊन कर्करोग उत्पन्न करतात. २००५ मध्ये स्पेनमधील एका मोठ्या अभ्यासात मंद विकराच्या लोकांना मूत्राशयाच्या कर्करोगाचा धोका सुमारे चाळीस टक्क्यांनी अधिक आढळला. पण हा फरक धूम्रपान करणाऱ्यांत दिसला, कधीही न करणाऱ्यांत नाही. मंदपणा जन्मतःच आला होता. त्याचे अनिष्ट रूप मात्र प्रत्येकाने पैसे मोजून विकत घेतले.

व्यापारी मंडळी येथे पुष्कळ आहेत, म्हणून एक हिशेब मांडतो. आकडे केवळ समजण्यासाठी कल्पिलेले आहेत. समजा, तंबाखूला न शिवणाऱ्या हजार माणसांत आयुष्यभरात एकाला एक रोग होतो आणि तंबाखू खाणाऱ्या हजारांत वीस जणांना. आता एखादा आनुवंशिक भेद हा धोका दीडपट करतो असे धरू. तंबाखू न खाणाऱ्यांत एकाचा दीड होईल. म्हणजे हजारांमागे अर्धा माणूस वाढला. खाणाऱ्यांत मात्र विसाचे तीस होतील. म्हणजे दहा माणसे वाढली. जनुक तेच, टक्केवारी तीच. मुद्दल मोठे म्हणून व्याज मोठे. आणि मुद्दल बुडीत काढणे आपल्या हाती आहे. व्याजाचा दर आपल्या हाती नाही.

आपल्या भागाचा विचार करता फुप्फुसापेक्षा तोंडाचा कर्करोग महत्त्वाचा. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातील चौघा प्रौढांपैकी जवळजवळ एक जण बिनधुराची तंबाखू या ना त्या रूपात वापरताना आढळला. धूम्रपान करणारे त्या मानाने फारच थोडे. या विषयात आपल्या देशाने जगाला शिकविले आहे. डॉ. फली मेहता आणि डेन्मार्कचे डॉ. पिंडबोर्ग यांनी आपल्या सहकाऱ्यांसह १९६०-७० च्या दशकात देशातील पाच जिल्ह्यांतील पन्नास हजारांवर खेडुतांची तोंडे तपासली. तोंडातील पांढरे चट्टे आणि कर्करोग तंबाखूच्या पाठोपाठ कसे येतात, हे त्यांनी गावोगाव हिंडून दाखविले. पुढे छत्तीस हजार तंबाखूसेवकांना सवय सोडण्याचा उपदेश करून वर्षानुवर्षे त्यांच्या मागे राहण्याचा जो उपक्रम झाला, त्यात ज्यांनी सोडली त्यांच्यात नवे चट्टे येण्याचे प्रमाण घटले. त्या खेडुतांची जनुके कोणी बदलली नव्हती.

आणि २०२५ मध्ये टाटा मेमोरियल केंद्राच्या संशोधकांनी गालाच्या कर्करोगाचे दोन हजारांवर रुग्ण आणि तितकेच निरोगी लोक यांची संपूर्ण जनुकीय तुलना प्रसिद्ध केली. रोगप्रवणतेशी संबंध असलेली काही स्थाने त्यांना सापडली. ज्यांच्या ठायी असे प्रतिकूल भेद अधिक साठलेले असतात, त्या तंबाखू खाणाऱ्यांना हा रोग सुमारे दहा वर्षे अगोदर गाठतो, असे त्यात दिसून आले. हे वाचले तेव्हा मला धाकट्या काकांचे अठ्ठेचाळिसावे वर्ष आठवले.

पण धाकट्या काकांची जनुके वाईट होती आणि थोरल्यांची चांगली, असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही. जनुकांखेरीज केवळ योगायोगाचाही यात मोठा वाटा आहे. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका गणनेनुसार, रोज एक पाकीट सिगारेट ओढणाऱ्याच्या फुप्फुसातील प्रत्येक पेशीत वर्षाला सरासरी दीडशे कायमचे बदल घडतात, आणि तोंडातील प्रत्येक पेशीत तेवीस. यांतील बहुतेक बदल निरर्थक जागी पडतात. एखादा नेमका मर्मस्थानी. कोणता कोठे पडावा याला नियम नाही. ब्रिटनमध्ये १९९० च्या सुमारास आयुष्यभर सिगारेट ओढत राहणाऱ्या पुरुषांपैकी शेकडा सोळा जण पंचाहत्तरीच्या आत फुप्फुसाच्या कर्करोगाने जात होते. म्हणजे चौऱ्याऐंशी जात नव्हते. त्यांतले कित्येक मात्र त्याच तंबाखूने हृदयविकाराने जात. चौऱ्याऐंशींपैकी जो एखादा नव्वदीला पोचतो तो समारंभात पहिल्या रांगेत बसतो आणि सर्वांना दिसतो. बाकीचे दिसत नाहीत. थोरले काका आमच्या घरी प्रत्येक मंगलकार्यात चंची सोडून बसत आणि त्यांच्याकडे बोट दाखवून चार पुतणे तंबाखूला लागले. त्यांतील एक मी होतो. माझी सुटली ती तिसाव्या वर्षी, पत्नीच्या निग्रहामुळे. माझ्या वैद्यकीय ज्ञानामुळे नव्हे.

आता त्या मोडलेल्या लग्नाकडे येतो. वडिलांना तोंडाचा कर्करोग झाला, तर मुलीकडे काय येते? वडिलांची निम्मी जनुके येतात. त्यांत धोका किंचित वाढविणारे भेद असतील, किंचित कमी करणारेही असतील. एकटा कोणताच निर्णायक नसतो. असे भेद वरपक्षाच्या रक्तातही असतात, फक्त त्यांची चौकशी कोणी केलेली नसते. वडिलांची तंबाखू तिच्याकडे येत नाही. ती घराघरांत उतरते, पण रक्तातून नव्हे; चंचीतून, पानाच्या डब्यातून, ‘जा रे, कोपऱ्यावरून पुडी घेऊन ये’ असे मुलाला सांगण्यातून उतरते. एका घरात दोघांना हा रोग झाला म्हणजे आपण रक्ताकडे पाहतो, आणि दोघांचा डबा एकच होता हे विसरतो. काही कर्करोग मात्र खरोखर घराण्यात प्रबळपणे उतरतात. लहान मुलांच्या डोळ्यातील एक प्रकार, स्तनांच्या व बीजकोशांच्या कर्करोगाचे काही प्रकार यांत एकच जनुक मोठा धोका निर्माण करते. तेथेही उपाय लपवाछपवीचा नव्हे; वेळीच तज्ज्ञांचा सल्ला घेऊन तपासण्या करीत राहणे, हा आहे. आपल्याकडे नेमके उलटे चालते. मुलामुलींच्या लग्नाला अडथळा नको म्हणून घरातील मृत्यूचे कारण ‘पोटाचा विकार’ असे सांगतात, आणि ज्या भावाने स्वतःचे तोंड तपासून घ्यावयाचे तोच अंधारात राहतो. असे दोन भाऊ मी एकाच घरातून गेलेले पाहिले आहेत.

त्या गृहस्थांना मी म्हणावयास हवे होते ते असे : ‘मुलीचे वडील तंबाखू खात होते, मुलगी खात नाही. तिची काळजी करू नका. आपल्या हातात काय आहे ते पाहा.’

तरुणांपैकी कोणी विचारतील की, आता थुंकीवरून जनुके तपासून देतात, तर तसे करून घ्यावे काय? तंबाखूच्या बाबतीत मी नको म्हणेन. धोका अधिक निघाला तर सल्ला ‘सोडा’ हाच; कमी निघाला तरी तोच. फरक एवढाच की, कमी निघालेला मनुष्य तो कागद चौकटीत लावून खात राहील. आणि ‘आता या वयात सोडून काय उपयोग’ असे म्हणणाऱ्या वडीलमंडळींना मघाच्या ब्रिटिश डॉक्टरांचा हिशेब सांगतो. २००४ मध्ये तो पुरा झाला. तिसाव्या वर्षी सिगारेट सोडणाऱ्याने सुमारे दहा वर्षे मिळविली, चाळिसाव्या वर्षी सोडणाऱ्याने नऊ, पन्नासाव्या वर्षी सहा, आणि साठाव्या वर्षी सोडणाऱ्यानेही तीन. जनुके कोणती आहेत हे त्यांतल्या कोणालाही विचारले नव्हते.

एक विनंती करून थांबतो. आपल्या ज्ञातीच्या लग्नात पंगत उठल्यावर जे तबक फिरते त्यात पान, सुपारी, कात, चुना आणि एका कोपऱ्यात तंबाखूची वाटी असते. ती वाटी ठेवणे यजमानपणाचे लक्षण मानले जाते. सुपारीविषयी माझा आक्षेप आहेच. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये तिलाही कर्कजनक ठरविले आहे, आणि तिच्या पायी तोंड उघडेनासे झालेली विशी-पंचविशीतील मुले मी पाहिली आहेत. पण सगळेच एकदम मागितले तर काहीच मिळणार नाही, हे मी या मंडळाच्या सभांतून शिकलो आहे. निदान मंडळाच्या कार्यालयात होणाऱ्या कार्यांत ती तंबाखूची वाटी नसावी, असा ठराव दुपारच्या सभेपुढे मी मांडला आहे. अनुमोदक मिळाला आहे. ते मघाशी सांगितलेले गृहस्थच आहेत. तंबाखू त्यांनी अद्याप सोडलेली नाही, असे त्यांनी मला प्रामाणिकपणे सांगितले.

भोजनानंतर शाळेच्या पूर्वेकडील शेवटच्या वर्गात आपल्या ज्ञातीतील दोन दंतवैद्य आणि मी असे तिघे सायंकाळपर्यंत बसणार आहोत. एका तोंडाला तीन-चार मिनिटे लागतात. तोंडात पांढरा वा लाल चट्टा असेल, तीन आठवड्यांत न भरलेला व्रण असेल, तिखट लागत असेल, तोंड पूर्वीसारखे उघडत नसेल, त्यांनी अवश्य यावे. मशेरी लावणाऱ्या भगिनींसाठी पडद्याची व्यवस्था केली आहे आणि तेथे एक स्त्री-दंतवैद्य आहेत. ज्यांच्या घरी कोणी या रोगाने गेले असेल त्यांनी तेवढे आम्हाला सांगावे. ते कागदावर लिहिले जाणार नाही.